पासपोर्टच्या आधी वही

मानवशास्त्र शिकायला परदेशी जायचं म्हटलं, की बीड जिल्ह्यातल्या मुलामुलींना पहिली धास्ती असते इंग्रजीची आणि दुसरी पैशाची. दोन्ही धास्त्या खऱ्या आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊच. पण अर्ज उघडल्यावर गाडी अडते ती तिसऱ्याच ठिकाणी. विद्यापीठ विचारतं : तुम्हाला नेमकं काय शोधायचंय, हा प्रश्न तुम्हाला कुठं भेटला आणि तो तुम्हीच का हाती घ्यावा? उत्तराला एक-दोन पानं असतात. त्या पानांवर बहुतेक जण लिहितात, की मला लहानपणापासून समाजाची आणि संस्कृतीची आवड आहे. खरंही असेल ते, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच दिसत नाही.

त्याऐवजी समजा एखाद्या मुलीनं लिहिलं : ‘दिवाळी झाली की आमच्या गावातल्या कितीतरी घरांना कुलपं लागतात. माणसं ऊसतोडीला जातात आणि लेकरं आजीजवळ राहतात. हे घर सहा महिने कोण चालवतं, हे मी गेल्या हंगामात चार घरांत रोज जाऊन पाहिलं.’ या तीन वाक्यांत प्रश्न आहे, जागा आहे आणि तिनं घेतलेले कष्टही आहेत. तिचं इंग्रजी थोडं अडखळतं असलं, तरी तिचं पान लक्षात राहतं.

म्हणून माझा आग्रह आहे, की पासपोर्टचा अर्ज करायच्या आधी शंभर पानी वही घ्या आणि निदान एक हंगाम आपल्याच परिसरात फिल्डवर्क करा. कुणी प्राध्यापक सांगेल, पदवी मिळेल, मग करू, अशी वाट पाहू नका. जिल्ह्यातल्या बहुतेक महाविद्यालयांत समाजशास्त्र मिळतं, मानवशास्त्र मिळत नाही. त्यानं फार बिघडत नाही. परदेशातले कितीतरी विभाग समाजशास्त्र, इतिहास, भाषा, अगदी शेती शिकलेल्यांनाही एमएला घेतात. जाण्याआधी इथंच पाया घालायचा असेल, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा विभाग आहे, इग्नूचं एमए घरी राहून करता येतं आणि बीडच्या शेजारी तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र आहे.

आपल्या आधी या वाटेनं गेलेल्या दोघांकडे जरा नीट पाहा. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते तिथं पोचले होते. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर, अशा चौघांच्या व्याख्या त्यांनी त्या निबंधात एकेक करून तपासल्या. जातीबाहेर लग्न न होऊ देणं हाच जातीचा कणा आहे आणि सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथा त्या कण्याला धरून आहेत, असं त्यांनी मांडलं. चौघांची पुस्तकं कोलंबियाच्या ग्रंथालयात कुणालाही मिळाली असती. जात आतून कशी चालते याचं ज्ञान मात्र त्यांनी इथूनच सोबत नेलं होतं.

दुसऱ्या इरावती कर्वे. १९२७ साली त्या बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाच्या बाजूचे. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतला फरक आणि वंश यांचा संबंध आहे, हे इरावतीबाईंच्या मोजमापांतून सिद्ध व्हावं ही त्यांची अपेक्षा. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, असं लिहून दिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, स्वतःच्या गुरूच्या मताविरुद्ध. त्या आकड्यांच्या जोरावर उभ्या राहिल्या, कारण मोजणी त्यांनी स्वतःच्या हातानं केली होती. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्यावर याच बाई ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या आणि त्यावर ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. एकाच दिंडीत चालणारे, एकच अभंग म्हणणारे लोक जेवायला मात्र जातीनुसार वेगळे बसतात, हे त्यांनी टिपलं आणि त्याचं आपल्याला काय वाटलं हेही लिहिलं. फिल्डवर्क म्हणजे काय, हे मराठीतून समजून घ्यायचं असेल तर सुरुवात या लेखापासून करा. मग लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ वाचा. ती आत्मकथनं आहेत, संशोधन नव्हे. पण पाल, तांडा, पोलीस चौकी आणि शाळा यांतलं नातं कसं दाखवावं, हे ती कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा चांगलं शिकवतात.

आता वहीकडे येऊ.

बीड म्हटलं की ऊसतोड आलीच, आणि फिल्डवर्कचे बहुतेक धडे या एका विषयातून गिरवता येतात, म्हणून त्याचंच उदाहरण घेते. पहिला धडा शब्दांचा. ‘कोयता’ हे हत्यार आहे, तोडणारं जोडपंही कोयताच आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या हिशेबातलं एककही कोयताच. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. तुम्ही वहीत इंग्रजीत ‘जोडपं’ या अर्थाचा शब्द लिहिलात, की हा सगळा व्यवहार दिसेनासा होतो. मराठीत ‘अर्धा कोयता’ असं लिहिलंत, तर दुसऱ्याच दिवशी प्रश्न उभा राहतो : नवरा वारलेल्या बाईला टोळीत कोण घेतं, कुणाबरोबर घेतं, आणि पोरांची लग्नं लवकर उरकण्यात या अर्ध्या-पुऱ्या हिशेबाचा हात किती? ‘उचल’, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, या शब्दाचंही तसंच. उचल ‘अंगावर’ असते, ती ‘फिटते’ किंवा ‘फिटत नाही’. कर्ज अंगावर असतं असं म्हणणारी भाषा कर्जाविषयी काहीतरी सांगत असते. म्हणून फिल्डच्या नोंदी माणसं ज्या भाषेत बोलली त्याच भाषेत लिहा. इंग्रजी प्रबंध नंतर लिहायचाच आहे. भाषांतर टेबलावर बसून होतं, गेलेला शब्द मात्र परत मिळत नाही.

नोंदी कशा लिहाव्यात? मी वापरते ती रीत साधी आहे. वही उघडली की उजव्या पानावर फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं, आणि डाव्या पानावर आपल्याला काय वाटलं ते. माझ्या पहिल्या वहीत ही फाळणी नव्हती. तिथं एका ठिकाणी लिहिलंय, ‘बाई खचलेली दिसली.’ आज ते वाक्य मला कशाच्याही उपयोगाचं नाही. ती काय करत होती, काय बोलली, कोण आल्यावर गप्प झाली, यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं. माझ्या मनातलं दुःख मी तिच्या नावावर टाकून मोकळी झाले होते.

समोर बसून धडाधडा लिहू नका. दोन-चार शब्द टिपा आणि त्याच रात्री झोपायच्या आधी सविस्तर लिहा. दुसऱ्या दिवशी अर्धं विसरायला होतं. तासभर बोलणं झालं असेल, तर ते नीट उतरवायला दोन तास लागतात, हे धरूनच दिवस आखा. तारीख, वार, वेळ, जागा आणि कोणकोण हजर होतं हे प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर हवंच. सासू शेजारी बसलेली असताना सून जे बोलली आणि सासू शेळ्या घेऊन गेल्यावर जे बोलली, ती दोन वेगळी बोलणी असतात.

आणि वहीची प्रत ठेवा. मानवशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास मुंबईत समाजशास्त्रज्ञ घुर्यांचे विद्यार्थी, पुढे ऑक्सफर्डला शिकले. म्हैसूरजवळच्या एका खेड्यात १९४८ साली त्यांनी फिल्डवर्क केलं. त्या खेड्याला त्यांनी ‘रामपुरा’ हे नाव दिलं. १९७० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना कुणीतरी लावलेल्या आगीत त्यांनी वर्षानुवर्षं तयार केलेल्या नोंदींच्या तिन्ही प्रती जळाल्या, कारण तिन्ही एकाच खोलीत होत्या. त्यांनी ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’ हे पुस्तक आठवणीतून लिहिलं. प्रत्येकाची आठवण तेवढी पक्की नसते. दर रविवारी वहीच्या पानांचे फोटो काढा आणि एक प्रत दुसऱ्या गावी, विश्वासातल्या माणसाकडे ठेवा.

दुसरा धडा कॅलेंडरचा. तो चुकला तर वर्ष जातं. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात आणि गुढीपाडव्याच्या मागेपुढे परततात. युरोपात आणि ब्रिटनमध्ये वर्ग सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतात. म्हणजे गाव रिकामं होतं तेव्हा तुम्ही परदेशात वर्गात, आणि तुम्हाला जून ते ऑगस्ट मोकळीक मिळते तेव्हा माणसं गावात, पण पेरणीत आणि खुरपणीत. एक वर्षाच्या एमएला फिल्डसाठी सहा-आठ आठवडे मिळाले तरी खूप. तेवढ्यात फडावरचं जगणं अभ्यासतो म्हणू नका. त्यापेक्षा उचल घेण्याचा काळ, मुकादमाच्या घरची बैठक, टोळी कशी जमते हे विषय घ्या. ते पावसाळ्यातच घडतात. पीएचडीला बारा ते अठरा महिने मिळतात. तेव्हा मात्र दिवाळीला ट्रॅक्टर भरतो तिथपासून सुरुवात करा आणि टोळीबरोबर जा. या विषयाचं फिल्ड एका गावात बसत नाही. ते केज-धारूरला सुरू होतं आणि सांगली, कोल्हापूर, बेळगावच्या फडांवर, मजुरांच्या कोपीत आणि कारखान्याच्या काट्यावरच्या रांगेत चालू राहतं. प्रस्तावातच दोन्ही ठिकाणं लिहा आणि प्रवासखर्चही दोन्हींचा मागा.

फडावर गेलात, तर तुमच्या प्रश्नांची किंमत कोण मोजतं ते पाहा. काम चुकलं की खाडा पडतो, म्हणजे मजुरी कापली जाते. बाई पहाटे तीन-चारला उठलेली असते, रात्री भरणीला गाडी आली तर पुन्हा उठायचं असतं. अशा बाईला तासभर मुलाखतीला बसवणं म्हणजे तिची झोप किंवा मजुरी घेणं. मोळ्या बांधू लागा, पाणी आणा, लेकरू सांभाळा, बोलणं आपोआप होतं. मुलींनी एक गोष्ट आधीच ठरवावी : मुक्काम कुणाच्या कोपीत, बरोबर कोणती वडीलधारी बाई, शौचाला कुठं जायचं आणि रात्री अडचण आली तर फोन कुणाला. हे विचारायला लाजायचं कारण नाही. परदेशातलं विद्यापीठही धोक्याचा अंदाज लिहून मागतं. तो फॉर्म उरकून टाकू नका, मनापासून भरा.

ऊसतोड नको असेल तर दुसरं पुष्कळ आहे. कपिलधारची मन्मथस्वामींची यात्रा आहे, परळीच्या थर्मलची राख आणि तिच्याभोवतीचा धंदा आहे, बालाघाटातल्या सीताफळांचा बाजार आहे, आष्टी-पाटोद्याकडचे मेंढपाळ आहेत. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्याच्या आवारात रात्र काढणारे नातेवाईक आहेत. पहाटे रस्त्यावर धावणारी भरतीची पोरं आणि रात्री बारापर्यंत उघड्या असणाऱ्या अभ्यासिका आहेत. हा शेवटचा विषय तुमच्याच पिढीचा आहे आणि त्यात तुम्हाला कुणी परकं मानणार नाही. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी १९९६ साली बाबासाहेबांवरच्या जात्यावरच्या ओव्या गायल्या. गी प्वातवँ, हेमा राईरकर आणि बर्नार बेल यांच्या प्रकल्पात त्या ध्वनिमुद्रित झाल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह आज ‘परी’ या ग्रामीण संग्रहालयाकडून सर्वांना खुला होतो आहे. त्या ऐका आणि मग आपल्या आळीतल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, तुला कोणत्या येतात?

इथं एक जपायचं. बीडच्या लोकांना प्रश्न विचारणाऱ्यांची सवय झाली आहे, आणि ही सवय काही चांगल्या कारणानं झालेली नाही. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली, राज्य सरकारनं चौकशी समिती नेमली, पाठोपाठ सर्वेक्षणं आणि कॅमेरे आले. ज्या बाईनं आपल्या पोटाची गोष्ट अनोळखी माणसांना कितीदा तरी सांगितली असेल, तिला ती पुन्हा सांगायला लावण्याआधी स्वतःला विचारा, की आधी छापलेल्या अहवालांत हे नाही का? असेल, तर ते वाचा आणि तिच्याशी दुसरं काही बोला. तिला कोणत्या विषयावर कुणी कधीच विचारलं नाही, ते शोधणं जास्त मोलाचं आहे.

संमतीचंही असंच. परदेशातल्या विद्यापीठाची नैतिकता समिती मुलाखतीआधी छापील संमतीपत्रावर सही घ्यायला सांगते. त्यामागचा हेतू चांगला आहे. पण आपल्याकडं कागदावर अंगठा म्हणजे काय, हे त्या समितीला ठाऊक नसतं. सावकाराच्या कागदावर अंगठा, उचलीच्या कागदावर अंगठा, कोऱ्या कागदावर अंगठा. तुम्ही कागद पुढे केलात, की समोरचा माणूस एक तर उठून जातो, नाहीतर घाबरून ‘कुठं करू सही?’ म्हणतो. दुसरं पहिल्यापेक्षा वाईट. हे सगळं अर्जात सविस्तर लिहा आणि तोंडी संमतीची परवानगी मागा : काय विचारणार, कशासाठी, नाव लपवणार का, नको वाटलं तर कधीही थांबता येईल, हे सगळं मराठीत सांगायचं आणि त्यांचा होकार ध्वनिमुद्रित करायचा किंवा वहीत नोंदवायचा. समित्या हे मान्य करतात, फक्त कारण नीट सांगावं लागतं. तुम्ही नाही सांगितलंत, तर दुसरं कोण सांगणार?

नावं बदलणं पुरत नाही, हेही लक्षात ठेवा. ‘वडवणी तालुक्यातल्या एका गावची माजी सरपंच बाई’ एवढं लिहिलं, तरी तालुक्यातला चहावालासुद्धा ओळखेल. तालुका बदला, दोन माणसांचे तपशील वेगळे मिसळा, आणि जे कुणाच्या तरी अंगाशी येईल ते लिहूच नका, मग ते कितीही चमकदार असो. फिल्डवरचे फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला नकोत.

आणि आडनाव. ‘कोण्या गावचे तुम्ही?’ यानंतर बीडमध्ये दुसरा प्रश्न आडनावाचा येतो आणि त्या उत्तरावर तुम्ही कोणत्या ओसरीवर बसाल हे ठरतं. गेल्या काही वर्षांत आरक्षणाच्या प्रश्नावरून जिल्ह्यात जो ताण वाढला, त्यानं हे अधिकच टोकदार झालं आहे. आपली जात लपवू नका. लपत नाही, आणि कळल्यावर विश्वास जातो. आपल्या आडनावामुळे कोणती दारं सहज उघडली आणि कोणती उघडलीच नाहीत, याची यादी डाव्या पानावर ठेवत जा. प्रबंधात ती सगळ्यात प्रामाणिक पानं ठरतात. दलित वस्तीत जाताना वरच्या जातीच्या मित्राला ‘ओळख करून द्यायला’ बरोबर नेऊ नका. तिथल्याच एखाद्या शिक्षिकेकरवी किंवा आशाताईंकरवी जा.

आता पैसे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्या दरवर्षी ७५ जागा असतात. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी त्या-त्या विभागांच्या वेगळ्या योजना आहेत आणि मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची. विद्यापीठाचा जागतिक क्रमांक, उत्पन्नाची मर्यादा, विषयांची यादी या अटी बदलत राहतात. मागच्या वर्षी गेलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नका, चालू वर्षाचा शासन निर्णय स्वतः शेवटपर्यंत वाचा.

केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १२५ जणांसाठी असते : ११५ अनुसूचित जातीचे, ६ विमुक्त-भटक्या जमातींचे आणि ४ भूमिहीन शेतमजूर किंवा पारंपरिक कारागीर कुटुंबांतले. भूमिहीन शेतमजुरांच्या त्या चार जागा बीडच्या मुलांनी नजरेआड करू नयेत. पण मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथं मोठी ठेच लागते. २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय या योजनेतून वगळले गेले. म्हणजे या पैशावर परदेशी जाऊन ऊसतोडीवर प्रबंध लिहिता येत नाही. हा नियम मला अन्यायाचा वाटतो. ज्यांच्या घरात जात आणि मजुरी हा रोजचा अनुभव आहे, त्यांनाच त्यावर शिकण्याची वाट बंद होते. अर्ज करताना त्या वर्षीच्या नियमावलीत हे कलम आहे का, ते आधी पाहा.

याशिवाय ऑक्सफर्ड, लंडनचं सोआस आणि रेडिंग या विद्यापीठांसाठीची फेलिक्स, दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागणारी चेव्हनिंग, कॉमनवेल्थ, जर्मनीची डाड आणि १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा यांची कर्जशिष्यवृत्ती आहे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. मात्र हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे तिथं युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो पडतात. दक्षिण आशिया अभ्यासासाठी हायडेलबर्ग आणि ग्योटिंगन दोन्ही चांगली. धनगरांवर आणि खंडोबा-बिरोबावर आयुष्यभर काम केलेले गुंथर सोन्थायमर हायडेलबर्गचेच. व्हिसासाठी वर्षभराचा खर्च बंद खात्यात दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून तो ११,९०४ युरो आहे, आणि भारतीय विद्यार्थ्यांना शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्र लागतं. अमेरिकेत पीएचडीला प्रवेश मिळाला, तर बहुधा फी माफ होते आणि विद्यावेतन मिळतं. अलीकडं काही विद्यापीठांनी जागा घटवल्या आहेत, त्यामुळं एकाच देशावर भिस्त नको. पीएचडीच्या फिल्डवर्कसाठी वेन्नर-ग्रेन फाउंडेशनचं अनुदान कोणत्याही देशाच्या विद्यार्थ्याला मागता येतं.

कागदपत्रांत बीडच्या मुलांचं वर्ष जातं ते दोन गोष्टींत. जात वैधता प्रमाणपत्र अर्जाच्या निदान वर्षभर आधी हाती असू द्या. आणि नाव : गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर नंतर, कुठं आईचं नाव चिकटलेलं, कुठं इंग्रजी स्पेलिंग निराळं. पासपोर्ट काढतानाच हे जुळवून घ्या. शिफारसपत्रासाठी सरांकडे जाताना मोकळ्या हातानं जाऊ नका, वहीतली चार-पाच पानं स्वच्छ लिहून द्या. मग ते ‘विद्यार्थी होतकरू आहे’ असं न लिहिता, तुम्ही चार घरांत काय पाहिलंत ते लिहितील. इंग्रजीसाठीही हीच पानं वापरा. रोज एका नोंदीचं इंग्रजी करा. निबंधांची पुस्तकं पाठ करण्यापेक्षा यानं भाषा लवकर हाताशी येते, कारण तुम्हाला खरोखर काही सांगायचं असतं.

जर्मनीत शिकत असताना फिल्डवर्कला घरी याल, तेव्हा एक जपा : सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिलात, तर तिथला निवास परवाना रद्द होऊ शकतो. निघायच्या आधी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. ब्रिटनमध्येही फिल्डचा काळ विद्यापीठानं सरकारला कळवावा लागतो. परदेशी संशोधकाला भारतात यायला संशोधनाचा व्हिसा लागतो आणि तो सहज मिळत नाही. तुम्हाला तुमच्या गावात जायला कुणाचाच व्हिसा लागत नाही, आणि मुलाखतीही मराठीतच होत असल्यानं दुभाष्याची गरज नाही.

पण आपल्याच गावाचा अभ्यास केला पाहिजे, असं कुठं आहे? सोन्थायमरांसारखा एक जर्मन माणूस येऊन आमच्या धनगरांच्या ओव्या समजून घेऊ शकतो, तर आष्टीच्या मेंढपाळाची मुलगी बव्हेरियातल्या मेंढपाळांवर का लिहू शकत नाही? मला तर याहून जवळचं उदाहरण दिसतं. जर्मनीत एप्रिल ते जून या काळात श्पार्गेलची, म्हणजे पांढऱ्या शतावरीची काढणी होते. ती करतात रुमानिया आणि पोलंडहून आलेले हंगामी मजूर. २०२० च्या टाळेबंदीत सीमा बंद असतानाही या मजुरांना खास विमानांनी आणलं गेलं. केजच्या टोळीत वाढलेल्या मुलाला त्या शेतावर नेऊन उभं करा. त्याच्या तोंडी जे प्रश्न येतील, ते बर्लिनमध्ये वाढलेल्या संशोधकाला सुचणं अवघड : यांना इथं आणलं कुणी, उचल मिळते का, ती फिटली नाही तर काय होतं, राहायच्या जागेचं भाडं मजुरीतून कापतात का, लेकरं गावी कुणाजवळ ठेवली, खाडा पडतो का? असा विषय घेतला तर केंद्राच्या शिष्यवृत्तीचं ते कलमही आड येत नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. तिथल्या मराठी कुटुंबांत लग्नं कशी जुळतात, आडनावाचा प्रश्न तिथं कोणत्या शब्दांत विचारला जातो, हाही विषय बीडच्या मुलीनं घ्यावा असा आहे.

काम संपल्यावर काय, तेही जाण्याआधीच ठरवा. ज्यांचे आवाज मुद्रित केलेत त्यांच्या घरी ते मेमरी कार्डवर पोचवा. म्हातारं माणूस गेल्यावर त्याचा आवाज घरात असणं ही लहान गोष्ट नाही. प्रबंधाची इंग्रजी प्रत गावात कुणी वाचणार नाही, म्हणून पंधरा-वीस पानांचा मराठी मजकूर तयार करा आणि तो वाचून दाखवा. दिवस असा धरा, की टोळ्या परत आलेल्या असतील आणि पेरणी सुरू झालेली नसेल. बायकांना ऐकता यावं म्हणून वेगळी बैठक त्यांच्या सोयीच्या वेळी घ्या, पारावरच्या बैठकीत त्या मागं उभ्या राहतात. आणि दोन्ही ठिकाणी वही सोबत असू द्या. ‘असं नव्हतं झालं ते, मी सांगते,’ असं कुणीतरी म्हणेल. ते सगळं, शब्दन् शब्द, उजव्या पानावर लिहून घ्या.